पावती

पावतीवर मी त्यांच्या नावाआधी ‘श्री.’ लिहिलं. लिहिताना पेन थबकलं होतं, कारण ज्यांच्या नावाची पावती फाडत होते ते आदल्या रात्रीच गेले होते. पण चर्चची थकलेली वर्गणी ते हयात असतानाची. तेव्हा पावतीवरही ते हयातच असायला हवेत, असा माझा हिशेब. ‘प्रभुवासी’ लिहिलं असतं तर पुढच्या ऑडिटला कुणीतरी त्यावर बोट ठेवलं असतं. बँकेत ३१ वर्षं काढलेल्या बाईच्या डोक्यात अशा वेळी हेच येतं, आणि माझ्या डोक्यात तेच आलं.

समोर त्यांची बायको बसली होती. व्हेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या कचेरीच्या खोलीतल्या, जुन्या सागवानी टेबलावर तिनं रुमालाची गाठ सोडली. शंभराच्या नोटा वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या आणि दहा-वीसच्या नोटांची रबर लावलेली गुंडाळी. ३२ महिन्यांची वर्गणी, महिना शंभरप्रमाणे ३,२०० रुपये. कबर खणायचे वेगळे. तिनं एकदा मोजलं, मग मी मोजलं. नोटा दमट होत्या, एकमेकींना चिकटत होत्या, म्हणून मी पुन्हा मोजलं. बाहेर व्हरांड्यात तिचा मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, चारला. पैसे भरले की चिठ्ठी देतात." चिठ्ठी म्हणजे कबरस्तानाच्या रखवालदाराला दाखवायची परवानगी. तीही मीच लिहिणार होते.

ती रडली नाही. पावती हातात घेऊन तिनं ती नीट वाचली आणि विचारलं, "ताई, आता झालं ना सगळं?"

मी म्हटलं, "हो वहिनी, झालं."

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. चर्चचं नाव सांगत नाही, कारण ज्यांनी ज्यांनी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीत काम केलंय त्यांना नावाशिवायही सगळं ओळखीचं वाटेल. मी तेव्हाही कमिटीची चिटणीस होते. थकबाकी भरल्याशिवाय लग्नाचा दाखला आणि कबरस्तानाची चिठ्ठी द्यायची नाही, हा ठराव आमच्याच कमिटीनं केला होता आणि त्याचा मसुदा माझ्या अक्षरातला आहे. ठराव कुणा दुष्ट माणसानं केला नव्हता. कबरस्तानाची मागची भिंत दोन पावसाळ्यांत ढासळली होती, रखवालदाराचा पगार तीन महिने तुंबला होता, आणि बाप्तिस्मा, लग्न नि मयत अशा तीनच वेळा चर्चची पायरी चढणारी घरं वाढत चालली होती. पुण्यात कबरीला जागा किती कमी उरलीय ते आम्हा ख्रिस्ती लोकांना विचारा. जुन्या कबरी उघडून त्याच जागी घरातल्या पुढच्या माणसाला ठेवावं लागतं. पैसा लागतो, हे खरं होतं. प्रत्येक वाक्य खरं होतं. आणि सगळ्या खऱ्या वाक्यांच्या शेवटी ती बाई रुमालाची गाठ सोडत बसली होती.

सकाळी तिचा मुलगा आल्यावर मी कमिटीतल्या ज्येष्ठ सभासदांना फोन केला होता. आम्ही सगळे त्यांना ‘सर’ म्हणतो. ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. आज एकाला सोडलं तर उद्या दहा जण उभे राहतील." चार वाजता कबरीपाशी प्रार्थना त्यांनीच केली. सरांची प्रार्थना ऐकावी अशी असते. आवाज खाली येतो, शब्द जपून येतात, आणि ‘हे दयाळू बापा’ म्हणताना त्यांचा गळा दाटतो. त्या दिवशी तर ते रडले. पेटी खाली जात होती, दोरखंड कडांना घासत होते, सर रडत होते आणि मी सरांकडे बघत होते.

त्यानंतर कितीतरी महिने मी मनात त्यांना ढोंगी म्हणत राहिले. फार सोयीचं होतं ते. ते ढोंगी ठरले की मी आपोआप बाजूला उभी राहणारी, सगळं बघणारी ठरत होते. फोन मी केला, मसुदा मी लिहिला, नोटा मी दोनदा मोजल्या, हे त्या एका शब्दाखाली झाकलं जात होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण मराठी माणूस दिवसातून दोनदा वापरतो. मी तर ती लहानपणी शुभवर्तमानातूनच, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रातूनच, पाठ केली होती, संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळवलं होतं.

आपल्या शुभवर्तमानांत जिथं जिथं ‘ढोंगी’ येतं तिथं मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ नट. हे मला एका पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सांगितलं आणि मग सरांचे अश्रू मला वेगळे दिसायला लागले. चांगल्या नटाचे अश्रू खोटे नसतात. त्या प्रवेशापुरता तो खरोखर रडतो. कबरीपाशी सर मनापासून रडले, आणि सकाळी फोनवरही त्यांनी मनापासूनच नियम सांगितला. दोन्ही प्रवेश खरे. फक्त दोन्हींत तीच बाई होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी खोटं बोलणाऱ्या माणसाला घाबरत आले, पण स्वतःच्या भल्या भावनेनं विरघळून गेलेल्या माणसाकडून माझ्या डोळ्यांदेखत जास्त इजा झालेली आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांना, जे बोलतो ते मी आता सावकाश वाचते. पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दहावा हिस्सा मोजून देता, आणि न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी सोडता, असं तो म्हणतो. पण लगेच पुढं तो हेही म्हणतो की मोठ्या गोष्टी करायच्या होत्या आणि या लहानही सोडायच्या नव्हत्या. हे मला पूर्वी कधी दिसलं नव्हतं. हिशेब चूक आहे असं तो म्हणतच नाही. जिरं मोजा, पण मोजताना समोर कोण बसलंय ते बघा.

तिथंच पुढं पेला बाहेरून घासण्याची गोष्ट आहे. पेला म्हटलं की पुण्यातल्या माणसाला १८९० सालचा पंचहौद मिशनमधला चहा आठवायला हरकत नाही. मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून नावं छापून आली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, लोकमान्य टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ही हकिगत आम्ही ख्रिस्ती लोक फार आवडीनं सांगतो. मीही सांगायची. पण आमच्याच मंडळीतल्या एका सुखवस्तू घरात ओट्याच्या कडेला, खिडकीत, एक स्टीलचा पेला पालथा असायचा. संडास-बाथरूम धुवायला येणाऱ्या बाईचा चहा त्यात. ती बाईही ख्रिस्ती, रविवारी याच कुटुंबाच्या चार बाकं मागं बसणारी. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, ती आणि त्या घरची बाई एकाच वेदीपाशी गुडघे टेकायच्या. तो पेला मी पंधरा-वीस वर्षं पाहिला आणि एकदाही काही बोलले नाही. ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न आमच्यात लग्न ठरवताना आजही विचारला जातो, फक्त जरा आडून, गावाचं नाव विचारून.

आमचं मूळ मी सांगते. आम्ही नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले, महारवाड्यातले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आजीच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या कामावर गेलं की धान्य मिळायचं. गाव त्यांना ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणायचं, आणि मी शाळेत असताना नाना पेठेतल्या एका मैत्रिणीनं भांडणात तेच मला ऐकवलं. घरी येऊन मी रडले. आजी भाकरी थापत होती. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग? पोटासाठीच आलो. उपाशी माणूस भाकरीकडंच जाणार. आलो भाकरीसाठी, ऱ्हायलो त्याच्यासाठी." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

शुभवर्तमानात येशूही लोकांना सुनावतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझ्या मागं येता. पण सुनावण्याआधी त्यानं त्यांना जेवू घातलेलं असतं. तो क्रम आजीला पक्का ठाऊक होता.

आजीची प्रार्थना हा आमच्या वाड्याचा घड्याळाचा गजर होता. पहाटे चारला सुरू. मोठ्यानं. देवाशी ती भांडायची. रॉकेल मिळालं नाही ते सांगायची, माझ्या आईची तक्रार नावानिशी करायची, आई पलीकडच्या खोलीत जागी आहे हे माहीत असूनही. शेजारच्या ब्राह्मण आजोबांच्या खोकल्यासाठीही मागायची, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून ‘सांगितलंय मी त्याला’ असं कळवायची. आतल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर, हे येशूचं सांगणं तिनं सरळसरळ मोडलं होतं. दीड खोलीच्या घरात आतली खोली आणायची कुठून, हेही आहेच. मी मोठी झाले, शिकले, आणि मला आजीची लाज वाटायला लागली. माझी प्रार्थना शांत, मनातल्या मनात, नीटनेटकी. मला वाटायचं खरी भक्ती ती हीच. आज ५८ व्या वर्षी मला वाटतं, माझ्या त्या शांतपणात देवापुढंही इस्त्री करून जायची धडपड होती. आजी जशी होती तशी जायची. तिच्या आणि देवाच्या मध्ये कुणी प्रेक्षक नव्हता, सगळा वाडा ऐकत असला तरी.

या सगळ्या काळात मी पंडिता रमाबाईंकडे पुन्हा वळले. लहानपणी केडगावला चर्चची सहल जायची, दौंडच्या गाडीनं, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायचं, त्यांचा फोटो बघायचा आणि संध्याकाळी परत. तेव्हा त्या फोटोतल्या पांढऱ्या साडीतल्या थोर बाई होत्या, एवढंच. आता त्यांची एक गोष्ट मला सोडत नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त सापडलेला नाही. ही आठ वर्षं काही रिकामी नव्हती. अमेरिकेत फिरून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली होती, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं होतं. एवढं करणारी बाई म्हणते, मला अजून तो सापडला नव्हता. आमच्याकडे दृढीकरण, म्हणजे मोठेपणी चर्चमध्ये श्रद्धेची जाहीर कबुली, झालं, वर्गणी भरली, की सापडला.

आणि त्या कुणाच्या दडपणाखाली राहिल्या नाहीत. इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी लॅटिन शब्द कोरलेल्या क्रुसाचा विषय काढला तेव्हा लॅटिनच का, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत त्यांच्या मुलींचे हाल झाले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्य ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं, म्हणून गप्प बसल्या नाहीत. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना केडगावला घर दिलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करायला बसल्या. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या त्यांच्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. बाई काम करत राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांना मी वंदन करते, पण त्यांच्याकडे बघताना मला आधी ती आठ वर्षंच दिसतात.

दरवर्षी दानाच्या रविवारी आमच्याकडे एकच गोष्ट वाचतात. मंदिराच्या दानपात्रात श्रीमंत लोक पुष्कळ टाकतात, एक गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकते, आणि येशू म्हणतो हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण हिनं आपली सगळी उपजीविका टाकली. मग उपदेश होतो की आपणही असं द्यावं. मग पाकिटं वाटतात. मी चाळीस वर्षं हे ऐकलं. त्या पावतीनंतरच्या दानाच्या रविवारी मी बायबल उघडून सहज मागच्या ओळीवर गेले. मार्कच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या गोष्टीला लागूनच, तिच्या आधी, येशू शास्त्र्यांबद्दल बोलतो की हे लोक विधवांची घरं गिळतात आणि लांबलचक प्रार्थना करतात. त्याच्या पुढच्या श्वासात ही विधवा येते. आणि तिच्या पुढं, तेराव्या अध्यायाच्या तोंडाशी, शिष्य मंदिराच्या भव्य चिऱ्यांचं कौतुक करतात तेव्हा तो म्हणतो, इथं चिऱ्यावर चिरा राहणार नाही.

मध्ये ती बाई, शेवटच्या दोन टोल्या टाकून रिकाम्या हातानं बाहेर निघालेली.

तो तिचं कौतुक करत होता, यात मला शंका नाही. पण त्याच्या आवाजात कौतुकाबरोबर दुसरंही काही असलं पाहिजे. आज रात्री ती काय खाईल, हे त्याला दिसत होतं. तिची भक्ती खरी होती आणि ज्या पात्रात ती पडली ते पात्र तिच्या भक्तीच्या लायकीचं नव्हतं. आम्ही मात्र त्या गोष्टीतून दर वर्षी पाकिटंच वाटली. त्या रविवारी मला पुढचं ऐकू आलं नाही. मला टेबलावरची रबर लावलेली गुंडाळी दिसत राहिली.

मग मी वार्षिक सभेत उभी राहिले. फार काही शौर्य नव्हतं. मयताच्या दिवशी थकबाकी मागायची नाही, नंतर घरी जाऊन बोलायचं आणि ज्यांना जमत नाही त्यांची मंडळीनं भरायची, एवढंच मागितलं. दोन तास वाद झाला. कुणीतरी म्हणालं, मग सभासदांच्या वहीला अर्थ काय उरला? मला ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आठवले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले, दरबार फार वाढला नाही. पण वहीत नाव नसलेल्या माणसालाही जागा देणारा ख्रिस्ती माणूस आपल्या मराठीत होऊन गेला, एवढं मी सभेत सांगितलं. ठराव नऊ मतांनी मंजूर झाला. सरांनी विरोधात मत दिलं. सभा संपल्यावर माझ्यापाशी येऊन ते म्हणाले, "पैसे कुठून आणणार ते लिहायचं राहिलं तुझं." ते बरोबर होतं. आजही त्या खात्यात खड्डा पडला की पहिला चेक सरांचा येतो, न मागता. ही माहिती मला चिटणीस म्हणून आहे, आणि त्यांच्याबद्दल मी पहिलं अर्धं लिहिलं तर हेही लिहायलाच हवं.

ती बाई वर्षभर चर्चला आली नाही. मी दोनदा घरी गेले. पहिल्यांदा दार तिच्या सुनेनं उघडलं आणि आतून ‘झोपलेय म्हणावं’ असं ऐकू आलं. दुसऱ्यांदा तिनं चहा दिला, पावतीचा विषय मी काढला, मी चुकले असं म्हटलं. ती म्हणाली, "तुमचं कामच होतं ते, ताई." यापेक्षा कडक काही ती बोलू शकली नसती.

पुढच्या झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, ती आली. मागून तिसऱ्या बाकावर बसली. तेव्हापासून येते. खणखणीत गाते, सूर लागत नसला तरी. प्रभुभोजन घेते.

दानाची आमची पिशवी मरून मखमलीची आहे, दोन्ही बाजूंनी लाकडी मुठी. खोल पिशवी. तिच्यात कोण काय टाकतं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. मी मोजायला बसते म्हणून मला माहीत आहे, पिशवीत जितके हात जातात तितक्या नोटा किंवा नाणी निघत नाहीत. पुष्कळदा बंद मूठ आत जाते आणि रिकामीच उघडते. परत येताना पिशवी हलवली की आधीची नाणी वाजतात, आणि सगळं ठीक दिसतं. मीसुद्धा कॉलेजात असताना हे केलंय.

ती करत नाही. पिशवी आली की दोन्ही मुठी धरते आणि सरळ पुढं देते, आत हात न घालता, सगळ्यांच्या देखत. दर रविवारी. त्यावर मंडळीत कुजबुज होते. एकदा पाळकसाहेबांनी मला विचारलंही, तिच्याशी बोलायचं का? मी नको म्हटलं.

गेल्या महिन्यात जागा नव्हती म्हणून मी तिच्या शेजारी बसले. गीत संपलं, पिशवी बाकाच्या टोकाकडून आली. तिनं ती घेतली, माझ्याकडे वळून माझ्या हातात दिली आणि क्षणभर सोडली नाही. दोघींचे हात मुठींवर होते. माझ्या मांडीवर पाकीट होतं, वर माझं नाव आणि रक्कम, माझ्याच नेटक्या अक्षरात. मागच्या बाकावरचा मुलगा पुढं वाकून पिशवीची वाट बघत होता.